घरगुती मोशन सिम्युलेटर बांधताना या चुका टाळा

घरी बांधलेल्या मोशन प्लॅटफॉर्मची, म्हणजे गाडीच्या खेळातील हालचालींप्रमाणे मोटरने सीट कलवणाऱ्या चौकटीची, तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : यापेक्षा ताकदीची मोटर कोणती घ्यावी? मोटर कण्हते, गिअरबॉक्सला हात लावता येत नाही, सीट पुढे झपकन जाते आणि मागे येताना रेंगाळते, ही सारी लक्षणे खरी असतात. पण मोटर बदलूनही ती कायम राहिली की माणूस सॉफ्टवेअरला दोष देऊ लागतो आणि चौकटीकडे पाहायचे तेवढे राहून जाते. खाली जे लिहिले आहे ते मुख्यतः दोन मोटरींच्या, मध्यभागी युनिव्हर्सल जॉइंटवर (पुढे-मागे आणि बाजूंनाही कलू देणाऱ्या सांध्यावर) तोललेल्या आणि पुढे-मागे व डावी-उजवीकडे कलणाऱ्या प्लॅटफॉर्मविषयी आहे, कारण नवशिक्यांची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे तोल न साधणे. माणूस, सीट, स्टिअरिंग, पेडल आणि चौकट मिळून १२० किलो वजन आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य जॉइंटच्या २० सेंटीमीटर पुढे आहे, असे समजा. मग काहीही न हलवता, केवळ सीट सपाट ठेवण्यासाठी सुमारे २३५ न्यूटन-मीटरचा आघूर्ण (फिरवणारा जोर) पेलावा लागतो. मोटरच्या भुजांना सीटच्या चौकटीशी जोडणारे दोन्ही दांडे जॉइंटपासून अर्धा मीटर मागे असतील आणि मोटरच्या भुजा पाच सेंटीमीटरच्या असतील, तर प्रत्येक मोटरला नुसते उभे राहण्यासाठीच जवळपास १२ न्यूटन-मीटर द्यावे लागतात. तोच गुरुत्वमध्य दोन सेंटीमीटरवर आणला की हा भार एक दशांश होतो. एवढा फरक पाडणारी मोटर विकत मिळत नाही. तो पाना आणि दोन लांबट खाचा यांनी पडतो.

माझ्या पहिल्या प्लॅटफॉर्मचा तोल मी रिकाम्या सीटवर साधला होता आणि त्याचा मला अभिमानही होता, पण बसल्यावर, पाय पेडलवर गेल्यावर आणि हात स्टिअरिंगवर आल्यावर सगळे वजन पुढे सरकते हे माझ्या लक्षातच आले नव्हते. आता मी दांडे सोडवून ठेवतो, चारही कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे ठेवतो, दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करतो, खेळताना बसतो तसाच बसतो आणि सीट खाचांमधून सरकवत जातो, ती इतकी की मदतनिसाला एका बोटाने मला झुलवता यावे. या कामाला सहसा एक संपूर्ण दुपार जाते. उंचीही विसरू नये : गुरुत्वमध्य जॉइंटच्या जितका वर, तितके कललेल्या सीटला परत आणणे जड. स्प्रिंग लावून तोल सावरण्याचा उपाय मला मान्य आहे, पण शेवटच्या थोड्याशा फरकासाठी. मुळातली चुकीची जागा झाकण्यासाठी नव्हे.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते. मोटरची भुजा नेमकी कुठे आहे हे कंट्रोलरला (मोटरींना हुकूम देणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला) पोटेन्शिओमीटर हा भुजेबरोबर फिरणारा सेन्सर सांगतो, आणि तो जे सांगेल त्यावर कंट्रोलर डोळे मिटून विश्वास ठेवतो. माझ्या उजव्या मोटरवरील पोटेन्शिओमीटरला भुजेशी जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) एका संध्याकाळी सैल झाला. खेळातल्या गाडीने ब्रेक लावला, कंट्रोलरने भुजेला थोडे वर जायला सांगितले, भुजा गेलीही; पण पोटेन्शिओमीटर जागचा हलला नाही, म्हणून कंट्रोलरने पूर्ण ताकद लावली. भुजा सर्वांत वरचा बिंदू ओलांडून दुसऱ्या बाजूने खाली आली आणि मग गोल गोल फिरतच राहिली. दर सेकंदाला एकदा माझी उजवी बाजू उचलली जात होती आणि आपटली जात होती. थांबवण्याची सोय म्हणून मी कीबोर्डवरचे एक बटण ठरवून ठेवले होते, मात्र दोन्ही हातांनी सीट घट्ट धरलेल्या माणसाला कीबोर्ड कितीही जवळ असला तरी लांबच असतो. शेवटी भावाने भिंतीवरचा स्विच बंद केला. तोपर्यंत दांड्याच्या टोकाचा एक सांधा (रॉड एंड) वाकला होता आणि माझी पाठ पुढे आठवडाभर धरली होती.

सॉफ्टवेअरमध्ये घातलेल्या मर्यादा इथे कामाला येत नाहीत, हे अनेकांना पटत नाही. तार तुटली आणि पोटेन्शिओमीटरचा आकडा ० किंवा १०२३ वर, म्हणजे मोजपट्टीच्या टोकाला, गेला तर त्या मर्यादा मोटर बंद करतात. पण पोटेन्शिओमीटर मधल्याच आकड्यावर अडकला तर कंट्रोलरच्या दृष्टीने सारे आलबेल असते. म्हणून भुजेच्या हालचालीच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र लिमिट स्विच (भुजा टेकताच वीज तोडणारे स्विच) लावावेत आणि ते आणीबाणीच्या लाल बटणासह एकाच मालिकेत कॉन्टॅक्टरच्या (मोठा प्रवाह तोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलला जोडावेत. हा कॉन्टॅक्टर डीसीसाठी बनवलेला असावा आणि पॉवर सप्लाय व ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) यांच्या मधल्या तारेवर बसवावा, म्हणजे संगणक गोठला तरी मोटरची वीज तुटते. बटण बसलेल्या जागेवरून, न पाहता, हाताला लागले पाहिजे. वीज गेल्यावर सीटचे काय होईल हेही आधी तपासावे : मोठ्या गुणोत्तराचा वर्म गिअर सहसा आहे तिथेच थांबतो, तर ब्रेक नसलेला बॉल स्क्रू वजनाने खाली येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगता येतात. गाडीच्या वायपरच्या मोटरचे धातूचे आवरण बऱ्याचदा ऋण टोकाला जोडलेले असते, त्यामुळे दिशा उलटवणाऱ्या ड्रायव्हरवर ती चालवायची असेल तर ते आवरण चौकटीपासून अलग करावेच लागते. स्वस्त ड्रायव्हरवर लिहिलेले ४३ अँपिअर हे चिपचे आहेत, त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या इवल्याशा हीटसिंकचे नाहीत. जोरात ब्रेक लागताच सप्लाय बंद पडत असेल, तर मोठा सप्लाय आणण्याआधी हे पाहावे की थांबणारी मोटर जनरेटरसारखी वागून व्होल्टेज वर ढकलत आहे का. असेल तर ती जादा वीज जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावावा. पोटेन्शिओमीटरची तार मोटरच्या तारेला खेटून नेऊ नये. प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज हवा.

गेनविषयी, म्हणजे खेळातल्या हालचालीचे प्रमाण सीटसाठी किती ठेवायचे त्या आकड्यांविषयी, मात्र मला राग आवरत नाही. प्लॅटफॉर्म हलू लागला की पहिल्याच दिवशी सगळे आकडे शंभरावर नेले जातात, मग हलके वळण आणि भिंतीवरची धडक दोन्ही सारखीच जाणवतात, कारण भुजा दोन्ही वेळा टोकालाच गेलेली असते. दहा अंश कललेली सीट शरीराला फक्त ०.१७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.१७ पट) इतक्या ब्रेकिंगची जाणीव देते आणि खऱ्या ब्रेकिंगची बरोबरी कोन वाढवून कधीच होत नाही. मी त्या खेळातले सर्वांत कठोर ब्रेकिंग मोजून घेतो, त्यासाठी पूर्ण हालचाल ठरवतो आणि मग तीही थोडी कमी करतो. पीआयडी, म्हणजे भुजेची चूक कंट्रोलरने कशी सुधारायची हे ठरवणारे पी, आय आणि डी हे तीन आकडे, लावताना आधी पी, मग डी, आणि आय शक्य तोवर शून्य. आणि हे सारे सीटवर वजन असताना, कारण रिकाम्या सीटवर जमलेले आकडे माणूस बसताच थरथरू लागतात.

ते वजन पहिल्या दिवशी माणसाचे नसावे. मी सीटवर वाळूची पोती बांधतो, अर्धा तास प्लॅटफॉर्म चालवतो, मग वीज तोडून गिअरबॉक्सचे तापमान पाहतो आणि प्रत्येक नट, लॉकनट व ग्रब स्क्रूवर आधीच ओढून ठेवलेली रंगाची रेघ तपासतो. एक जरी रेघ तुटलेली, म्हणजे नट किंवा स्क्रू फिरलेला, दिसली, तरी त्या दिवशी त्या सीटवर कोणी बसत नाही.