ओव्हरहॉलिंगच्या आधी ॲस्बेस्टॉसची पाहणी: काय काय तयार ठेवाल

गळीत हंगाम आटोपला, बॉयलर थंड झाला की सांगली-साताऱ्याकडच्या साखर कारखान्यांत ओव्हरहॉलिंगची लगबग सुरू होते. ॲस्बेस्टॉसची, म्हणजे जुन्या पत्र्यांत आणि पाइपांच्या आवरणात वापरलेल्या, श्वासातून गेल्यास घातक अशा खनिज तंतूंची पाहणी त्याच्या आधी उरकायची. फिटरने लॅगिंग (पाइपांवरचं उष्णतारोधक आवरण) फोडल्यावर पाहणीला जाण्यात काही अर्थ नाही.

आधी कागद काढा: इमारतीचे जुने नकाशे, बॉयलरची कागदपत्रं, स्टोअरची खरेदीची रजिस्टरं. सांध्यांतून गळती आणि उष्णता अडवणारं सामान, म्हणजे गॅस्केट, ग्लँड पॅकिंग, दोरी, मिलबोर्ड (जाड पुठ्ठा), हेही ॲस्बेस्टॉसचं असू शकतं; ते कधी आणि कोणत्या मालाचं आलं ते तिथेच सापडतं. कृष्णाकाठच्या गोडाऊनमध्ये २०१९ च्या पुरानंतर कुठले पत्रे बदलले तेही विचारून घ्या. निवृत्त बॉयलर अटेंडंटला एकदा चहाला बोलवा, रजिस्टरात नसलेलं त्याला तोंडपाठ असतं.

सगळ्यांची नजर आधी छपराकडे जाते. माझं मत वेगळं आहे. सिमेंटच्या पत्र्यात तंतू साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, तेही सिमेंटमध्ये घट्ट बसलेले. पत्रा धड असेल तर त्याला हात लावू नका, नोंद करा आणि पुढे चला. खरा धोका वाफेच्या जुन्या पाइपांवर आहे. वरचं कापड फाटलेलं, आतून राखाडी-पांढरा भुगा निसटतोय, चिमटीत धरला तर चुरा होतो (धरून बघू नका!), अशी जागा दिसली की लाल खूण करायची आणि तिथली ये-जा थांबवायची. रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) की ॲस्बेस्टॉस हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे.

नमुन्यासाठी साबण घातलेल्या पाण्याचा फवारा, छोटी छिन्नी, झाकणाच्या डब्या, नंबराच्या चिठ्ठ्या, ओली फडकी आणि टेप एवढं लागतं. जागा आधी भिजवायची, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा घ्यायचा, खड्डा टेपने बंद करायचा. तोंडाला नीट बसणारा पी१०० (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्क हवा, रुमाल किंवा कापडी मास्क काही कामाचा नाही. ड्रिल, ग्राइंडर, केरसुणी, एअरची नळी यांना बंदी. पत्र्यावर थेट पाय द्यायचा नाही, फळी टाकूनच चढा. जुना पत्रा फुटून माणूस खाली येतो, हा धोका आजचा आहे.

तंतूंचा आजार मात्र वीस-तीस वर्षांनी दिसतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे उशिराचं असेल तोवर ठेवायला सांगितलं. तुमच्याकडे पाइपांवर काम करणारे बहुतेक ठेकेदाराचे असणार, तेव्हा त्यांची नावंही वहीत हवीत.

शेवटी, काढलेला माल कुठे जाणार हे आधी ठरवा. लॅगिंग ओलं करून जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधायचं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या केंद्रालाच द्यायचं. जुने पत्रे गोठ्यासाठी कामगारांना वाटायची आपल्याकडची रीत आहे, ती बंद करा. भंगारवाल्यालाही ते द्यायचे नाहीत, हे गेटवरच्या वॉचमनला लेखी कळवा.