कोकणातील गाईचे वजन: वंश किती, चारा किती, हे कसे ओळखावे

मे महिन्यात सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या माळावरचे, गवत संपते, गाईच्या फासळ्या दिसू लागतात आणि ‘ही जातच बारीक’ असा निकाल अनेक गोठ्यांत लागतो. हा निकाल घाईचा आहे. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या परदेशी गाईंच्या अभ्यासांत प्रौढ वजनातील फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक आढळतो. उरलेला चारा, ऋतू, आजार आणि लहानपणी मिळालेले दूध यांचा असतो. कोकण कपिला या कोकणातील देशी गाईची चण मुळातच लहान आहे, पण लहान चण वेगळी आणि उपासमार वेगळी. हा भेद कळण्यासाठी मोजपट्टी आणि वही पुरते.

सकाळी चारापाण्यापूर्वी गाय सपाट जागी सरळ उभी करावी. पट्टी वशिंडाच्या मागून आणि पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीभोवती घ्यावी. केस दबावेत, पण ती कातडीत रुतू नये. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीखालच्या बसण्याच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. सेंटिमीटरमधील घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४० म्हणजे अंदाजे किलो. घेर १४० आणि लांबी ११५ असल्यास वजन सुमारे २०८ किलो येते. घेर दोनदा गुणला जात असल्याने तेथील चूक दुप्पट भोवते, म्हणून तो तीनदा मोजावा.

मेअखेर, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत मापे घेऊन शेजारी वय, वेत (गाय कितव्यांदा व्याली) आणि गाभणपणाचे महिने लिहावेत. तुलना त्याच गोठ्यातील, त्याच वयाच्या आणि वेताच्या गाईंशीच करावी.

सगळा गोठा मेमध्ये उतरून ऑक्टोबरात सावरत असेल, तर दोष चाऱ्याचा. भाताच्या नुसत्या पेंढ्यात प्रथिने फारच कमी असतात. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा, तो पेंढा २१ दिवस हवाबंद झाकावा आणि वास उडाल्यावर थोडा थोडा सुरू करावा. लहान वासरांना तो देऊ नये, आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी कधीही लागू देऊ नये.

एकच गाय मागे राहत असेल, तर आधी शेण तपासून घ्यावे, कारण पाणथळ शेतांतील गोगलगाईंमुळे यकृतात जंत होतात. उपचारानंतरही ती तिन्ही मापांत मागेच राहिली आणि तिची आई व बहिणीही तशाच असल्या, तरच वंशाचा विचार करावा. तेव्हाही मोठ्या चणीच्या परदेशी वळूचे रेतन पहिलारू कालवडीला करू नये. वासरू अडते, आणि किलोंच्या हिशेबात गायच गमावण्याची वेळ येते.