वाचनालयात कवितासंग्रहाची बैठक कशी चालवावी

नाशिकला कवितेचे वावडे कधीच नव्हते. २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, येणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास शहरात कवितावाचनाचे कार्यक्रम होतात, सभागृहे भरतात आणि दादही मनापासून मिळते. तरीही एकदा वाचनालयातल्या कवितेच्या कपाटातून एखादे पुस्तक काढावे आणि त्याच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. शेजारच्या कपाटातल्या कादंबरीची चिठ्ठी शिक्क्यांनी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली असते. कवितासंग्रहाच्या चिठ्ठीवर बहुधा तीन-चार शिक्के असतात आणि त्यांतला शेवटचाही बराच जुना असतो. लोकांना कविता आवडत नाही, असा याचा अर्थ मी घेत नाही. कविता एकट्याने, मनातल्या मनात, वर्तमानपत्रासारखी वाचली की ती हाती लागत नाही. दोन-तीनदा असे झाले की वाचक पुस्तक परत करतो आणि पुन्हा त्या कपाटाकडे वळत नाही. एकच कवितासंग्रह दहा-बारा जणांनी महिनाभर वाचून मग एकत्र बसणे हा त्यावरचा उपाय आहे. तो लागू पडायचा असेल तर बैठकीत चर्चेला जितका वेळ मिळतो, निदान तितका तरी वेळ मोठ्याने वाचण्याला मिळाला पाहिजे. पुढे सांगितलेली सारी व्यवस्था या एका अटीसाठी आहे.

वाचनालयाशी बोलणी

सार्वजनिक वाचनालय, नाशिक, ज्याला सगळे जण ‘सावाना’ म्हणतात, ते १८४० साली स्थापन झाले. इतकी जुनी संस्था शहराच्या मध्यभागी असली तरी बैठक तिथेच व्हावी असे मुळीच नाही. सिडको, सातपूर, नाशिकरोड, पंचवटी या भागांतल्या वाचकाला घराजवळचे छोटे वाचनालय अधिक सोयीचे पडते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. खालच्या वर्गातल्या ग्रंथालयाकडे स्वतंत्र सभागृह नसते, पण वर्तमानपत्रांचे लांब टेबल असलेले वाचन कक्ष असते आणि सकाळची वाचकांची गर्दी ओसरली की ते रिकामे होते. कवितेच्या बैठकीला तेवढी जागा पुरते. किंबहुना मला ती सभागृहापेक्षा जास्त पसंत आहे, कारण तिथे व्यासपीठच नसते.

अर्ज कार्यवाहांच्या नावे द्यावा, पण त्याआधी ग्रंथपालांना भेटावे. कोणता सभासद काय नेतो, कवितेच्या कपाटाकडे अधूनमधून कोण रेंगाळते, हे त्यांना आणि देवघेवीच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असते. पहिले पाच-सहा वाचक जाहिरातीपेक्षा त्यांच्याच सांगण्यावरून येतात. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: महिन्यातला ठरावीक दिवस आणि वेळ, लागणारी जागा, पुस्तकाच्या किती प्रती लागतील, आणि सभासद नसलेल्यांनाही बैठकीला बसता येईल का. शेवटच्या मुद्द्यावर आग्रह धरावा. पुस्तक घरी नेण्यासाठी वर्गणी आणि अनामत हवी हे योग्यच आहे, पण ऐकायला येणाऱ्याला दारात अडवू नये. जो दोन बैठका ऐकतो, तो तिसऱ्या बैठकीआधी आपण होऊन सभासद होतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

दिवस एकदा ठरला की बदलू नये. ज्या गटात मी पहिल्यांदा काम केले, तिथे आम्ही दर महिन्याला सगळ्यांना विचारून तारीख ठरवत असू. प्रत्येकाची सोय पाहण्याच्या नादात पाचव्या महिन्यापर्यंत कोणालाच तारीख लक्षात राहीनाशी झाली आणि एका संध्याकाळी आम्ही तिघेच उरलो. दुसरा रविवार म्हणजे दुसरा रविवार, मग तीन जण येवोत की तेरा. वेळ ठरवताना सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पाळ्यांचा विचार करावा आणि परगावाहून येणारे असतील तर शेवटच्या बसचाही. सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत रामकुंडाच्या बाजूचे रस्ते वाहनांना बंद होतात, तेव्हा पंचवटीतल्या गटाने त्या महिन्याची जागा आधीच गोदावरीच्या अलीकडे ठरवून ठेवावी.

पुस्तक निवडणे आणि प्रती मिळवणे

पहिली तीन पुस्तके बैठक चालवणाऱ्याने आणि ग्रंथपालांनी मिळून निवडावीत, मतदान त्यानंतर. सुरुवातीलाच मते मागितली तर ज्याचा आवाज मोठा त्याचे पुस्तक येते. संग्रह शक्यतो बारीक असावा. समग्र कवितांचा जाड खंड घेतला की निम्मे लोक प्रस्तावनेतच थांबतात.

नाशिकमध्ये पहिले पुस्तक म्हणून मी ‘विशाखा’ सुचवतो. कुसुमाग्रजांचा हा संग्रह १९४२ साली आला आणि त्यातली एखादी तरी कविता इथल्या जवळजवळ प्रत्येकाला शाळेपासून माहीत असते. माहीत असलेल्या कवितेच्या मागे-पुढे काय आहे, हे पाहण्याची उत्सुकता हीच पहिल्या बैठकीची पुंजी. दुसरे पुस्तक बहिणाबाई चौधरींचे घ्यावे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली. ती मुळातच कानासाठी रचलेली आहेत, त्यामुळे मोठ्याने वाचल्याशिवाय ती खुलत नाहीत. शिवाय जळगाव-धुळ्याकडून नाशिकला येऊन स्थायिक झालेली कुटुंबे पुष्कळ आहेत. एरवी कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या आजी त्या दिवशी खानदेशी बोलीतला शब्द कसा उच्चारायचा ते सगळ्यांना शिकवतात आणि गटाची बसण्याची रीतच पालटते. तिसऱ्या महिन्यात नारायण सुर्व्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) घेता येईल. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक तर आपल्या जिल्ह्याचेच. त्यांच्या रचना गाणारा कोणी आसपास असेल तर त्याला वाचक म्हणून बोलवावे, पाहुणा म्हणून नव्हे. वर्षातून दोनदा तरी हयात कवीचे नवे पुस्तक असावे, पण त्या बैठकीला कवीला बोलावू नये. कवी समोर बसला की लोक पुस्तक मिटतात आणि त्याच्याकडे पाहू लागतात.

प्रतींचा प्रश्न खरा अवघड असतो. बारा वाचक आणि वाचनालयात दोन प्रती, हे नेहमीचे चित्र आहे. ग्रंथखरेदीच्या यादीत आणखी दोन-तीन प्रती घालाव्यात अशी विनंती तीन महिने आधी करावी. दुसऱ्या वाचनालयाच्या सभासदांनी आपापल्या कार्डावर तिथली प्रत आणावी. एक प्रत घरी न देता वाचन कक्षातच ठेवावी. उरलेल्या प्रती आठवड्याच्या पाळीने फिरवाव्यात. जिथे दशांश वर्गीकरण वापरतात तिथे मराठी कविता ८९१.४६१ या वर्गांकाखाली लावलेली असते. तो आकडा सभासदांना सांगून ठेवला की ते स्वतः कपाटापर्यंत जातात आणि शोधलेल्या पुस्तकाबरोबर शेजारचे दुसरेही उचलतात.

छायाप्रतींविषयी मात्र सावध राहावे. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो आणि ती मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. केशवसुत १९०५ साली गेले आणि बालकवी १९१८ साली, म्हणून त्यांच्या कविता हव्या तितक्या छापून वाटता येतात. मरणोत्तर प्रकाशित साहित्याची मुदत प्रकाशनापासून धरली जात असल्याने बहिणाबाईंची १९५२ साली आलेली गाणीही आता मोकळी आहेत. कुसुमाग्रज मात्र १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ च्या अखेरीपर्यंत आहे. प्रकाशित पुस्तकातला वाजवी भाग सभेत मोठ्याने वाचायला कायदा मोकळीक देतो. सबंध संग्रहाच्या छायाप्रती काढून वाटण्याची किंवा गटाच्या व्हॉट्सॲपवर पानेच्या पाने टाकण्याची मोकळीक तो देत नाही. कवितासंग्रहाच्या आवृत्त्या मुळात लहान असतात आणि विकत घेतलेली प्रत्येक प्रत कवीला आणि प्रकाशकाला उपयोगी पडते, हेही ध्यानात असावे.

बैठकीतले दीड तास

खुर्च्या गोल मांडाव्यात. ध्वनिक्षेपक, दीपप्रज्वलन, शाल, नारळ, प्रमुख पाहुणे यांतले काहीही नको. सत्कार सुरू झाला की कवितेचा पहिला अर्धा तास जातो. आठ ते पंधरा माणसे ही योग्य संख्या. वीसच्या वर गेली तर दोन गट करावेत, नाहीतर बैठकीचे व्याख्यान होते. कवीची ओळख दोन वाक्यांत संपवावी, कारण चरित्र लांबले की लोक कवितेत चरित्र शोधू लागतात. घरी सगळा संग्रह वाचून यायचा असला तरी बैठकीत तीनच कविता घ्याव्यात, फार तर चार.

प्रत्येक कविता दोनदा, दोन वेगळ्या आवाजांत वाचावी. पहिल्या वाचनानंतर कोणी बोलू नये. एक मिनिट शांतता ठेवणे सुरुवातीला जड जाते, पण ती मोडू देऊ नये. दुसऱ्या वाचनानंतर विचारायचा प्रश्न “या कवितेचा अर्थ काय?” हा नव्हे. तो विचारला की शाळेतले रसग्रहण आठवून सगळे गप्प होतात. “कोणता शब्द अडला?” आणि “कोणती ओळ कानात राहिली?” हे दोन प्रश्न पुरेसे आहेत, कारण त्यांची उत्तरे प्रत्येकाकडे असतात आणि ती चुकीची ठरू शकत नाहीत.

‘विशाखा’तल्या ‘आगगाडी व जमीन’ या कवितेवरची एक बैठक मला स्पष्ट आठवते. कवितेत दोन पात्रे बोलतात, म्हणून आम्ही दोघांना वाचायला दिली. जमिनीचे बोलणे एका तरुण मुलीने वाचले, आगगाडीचे रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. मुलगी रडवेल्या सुरात वाचत होती. दुसऱ्या वाचनाला जमीन एका मध्यमवयीन बाईंकडे आली आणि त्यांनी तेच शब्द खालच्या, सावकाश आवाजात, धाक घालावा तसे वाचले. लगेच वाद उभा राहिला: जमीन विनवते आहे की बजावते आहे? दहा मिनिटे लोक शेतकरी, भूसंपादन, शोषण यांवर बोलत राहिले, आणि सगळे बोलणे पुस्तकापासून दूर निघाले. तेव्हा काकांनी बोट ठेवून दाखवले की कवीने सुरुवातीलाच विनवण्याचे क्रियापद घातले आहे, तेव्हा धाक तिथे बसत नाही; धाक असेलच तर तो शेवटाकडे शोधावा लागेल. मग आम्ही शेवट पुन्हा वाचला आणि या वेळी दोन्ही बायकांनी मिळून वाचला. बैठक चालवणाऱ्याचे सारे कौशल्य काकांनी त्या दिवशी केले तेवढेच आहे: चर्चा कुठेही गेली तरी “हे कोणत्या ओळीत आहे?” असे शांतपणे विचारून तिला पानावर परत आणणे. जात, धर्म, राजकारण यांवरून आवाज चढले तरीही हाच प्रश्न कामाला येतो.

टेबलावर शब्दकोश असावा. घरी बसून वाचणाऱ्याजवळ नसलेले आणि वाचनालयाच्या संदर्भ विभागात हाताशी असलेले सर्वांत मोठे साधन तेच आहे. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड जड आहेत, पण अडलेला शब्द तिथेच काढून सर्वांसमोर वाचला की जुन्या कवितेविषयीची निम्मी भीती जाते. कोणाला वृत्ताची चाल येत असेल तर चालीवर म्हणू द्यावे. ज्येष्ठ मंडळींसाठी ज्या कवितांचे हक्क मोकळे आहेत, त्या मोठ्या टाइपात छापून आणाव्यात.

दोन प्रकारची माणसे हमखास येतात. एकाला फार ठाऊक असते आणि तो पंधरा मिनिटे बोलतो. त्याला पुढच्या वेळी बोलायला न देता वाचायला द्यावे. दुसरा स्वतःच्या कवितांची वही घेऊन येतो. त्याला दुखवू नये, पण या बैठकीत स्वतःची कविता वाचायची नाही हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा आणि तीन महिन्यांतून एक बैठक खास त्यासाठी राखावी. जो बोलतच नाही त्याला मत विचारू नये. त्याला एक कडवे वाचायला सांगावे.

मुलांची बैठक वेगळी घ्यावी, बालविभागात, चाळीस मिनिटांची. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन सुरुवातीला चांगला, मात्र पाठांतराची स्पर्धा आणि बक्षिसे ठेवू नयेत. बक्षीस न मिळालेली मुले पुन्हा येत नाहीत.

नोंद

एक साधी वही वाचनालयातच ठेवावी. तीत तारीख, पुस्तक, वाचलेल्या कविता, उपस्थिती आणि त्या दिवशी न सुटलेला एक प्रश्न लिहावा. वार्षिक अहवालासाठी ग्रंथपालांना ती उपयोगी पडते, आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाला तिच्याहून चांगली जोडपत्रे नाहीत. वर्षभरानंतर बैठक चालवणारा बदलावा. नव्या माणसाच्या हाती ही वही द्यावी आणि पहिली बैठक त्याने तिच्यातल्या न सुटलेल्या प्रश्नांपैकी एखाद्यापासून सुरू करावी. बैठकीनंतर सगळ्या प्रती त्याच दिवशी देवघेवीच्या टेबलावर जमा कराव्यात, म्हणजे ज्यांना बैठक चुकली त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक मिळते.