दांड्याची वजावट शून्य का येत होती

रावेरला काकांच्या केळीच्या हिशोबासाठी मी जावा या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. घडाच्या दांड्यापोटी ८ टक्के वजन वजा करायचं होतं, म्हणून सूत्र ठेवलं: ८ / १०० * वजन. वजन २,५०० किलो, वजावट हवी २०० किलो. पडद्यावर आलं शून्य! "भाऊ, दांडा वजा झालाच नाही," काका लगेच म्हणाले.

उत्तराचा व्हेरिएबल डबल, म्हणजे दशांश आकडा ठेवणारा होता, त्यामुळे तासभर मी भलतीकडेच शोधत बसलो. पण जावा आधी ८ / १०० करते. दोन्ही पूर्णांक, म्हणून अपूर्णांक गळून शून्य उरतं. डबलची पाळी त्यानंतर येते. ८.० / १०० केलं, २०० आले. पायथॉन ३ या दुसऱ्या भाषेत साध्या भागाकाराने ०.०८च मिळतं.

आणि हो, गट नंबर ०१० असा आकडा लिहिला, तर जावा तो अष्टमान (आठच्या पायावरचा आकडा) धरून ८ समजते. तो मी मजकूर म्हणून अवतरणात ठेवला.