बहुरंगी नैसर्गिक खड्यांची माळ कशी निवडावी आणि कशी गाठवावी

बहुरंगी माळ दोन रीतींनी तयार होते. पहिल्या रीतीत सगळे मणी एकाच खनिजाचे असतात आणि रंगांचे वैविध्य त्या खनिजातच असते. दुसऱ्या रीतीत निरनिराळ्या खनिजांचे मणी शेजारी ओवून रंगसंगती साधलेली असते. टूरमलीन, म्हणजेच तोरमल्ली, हे पहिल्या रीतीचे उत्तम उदाहरण होय. लोहामुळे तिला हिरवी-निळी छटा येते, मँगनीजमुळे गुलाबी, आणि स्फटिक वाढत असताना भोवतालच्या द्रवाची घडण बदलली, तर एकाच काडीच्या पोटात गुलाबी आणि कडेला हिरवा असे दोन रंग उतरतात. तिचे नावही सिंहली भाषेतून आले आहे, आणि तिथे ते रंगीबेरंगी खड्यांना उद्देशून वापरले जाई. फ्ल्युओराइटमध्ये जांभळे, हिरवे व पिवळे पट्टे एकावर एक साचतात. कुरुविंदात क्रोमियम असल्यास माणिक होते, लोह व टायटॅनियम असल्यास निळा नीलम. पिवळ्या, नारिंगी, जांभळ्या छटाही याच खनिजात आढळतात, म्हणून नुसत्या नीलमाची माळसुद्धा बहुरंगी असू शकते.

एकाच खनिजाची माळ गाठवायला सोपी असते, कारण सगळ्या मण्यांचे काठिण्य सारखे असते. मिश्र माळेत मात्र रंगाआधी काठिण्य पाहावे, असे माझे ठाम मत आहे. खनिजांचे काठिण्य 1 ते 10 अशा पायऱ्यांत सांगणाऱ्या मोह्स श्रेणीवर कुरुविंद 9, टूरमलीन 7 ते 7.5, अकीक व ॲमेथिस्ट सुमारे 7, ॲमेझोनाइट 6 ते 6.5, लापिस 5 ते 5.5 आणि फ्ल्युओराइट अवघे 4 या पायरीवर येते. माळ गळ्यात असताना मणी सतत एकमेकांवर घासतात आणि त्यात मऊ मणीच झिजतो. मी एकदा केवळ जांभळ्या रंगाच्या मोहाने फ्ल्युओराइटचे पैलूदार मणी जॅस्पर या अकीकासारख्याच कठीण दगडाच्या मण्यांमध्ये ओवले होते. वर्षभराच्या वापरानंतर भिंगातून पाहिले, तेव्हा जॅस्पर जसाच्या तसा होता, पण फ्ल्युओराइटच्या प्रत्येक पैलूची कड पांढुरकी, कुरतडल्यासारखी झालेली होती आणि भोकाजवळ दोन मण्यांचे टवके उडालेले होते. असा मणी वापरायचाच असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना गाठ द्यावी किंवा चांदीचा छोटा मणी घालावा. एरवी काठिण्यात एक-दीड पायरीहून अधिक अंतर असलेले शेजारी टाळलेले बरे.

खडे नैसर्गिक आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी दहापट भिंग जवळ ठेवावे आणि मण्याच्या पृष्ठभागापेक्षा भोक आधी तपासावे. अकीक सच्छिद्र असतो, त्यामुळे तो सहज रंगवता येतो, आणि तो रंग भोकाच्या कडेला व बारीक भेगांमध्ये गडद होऊन साचतो. भिंगाखाली भोकाभोवती शाईच्या डागासारखे कडे दिसले किंवा भेगांच्या रेषा भोवतालच्या दगडापेक्षा ठसठशीत रंगाच्या दिसल्या, तर तो मणी रंगवलेला आहे असे समजावे. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन एखाद्या मण्यावर घासल्यास काही रंग बोळ्यावर उतरतात. मात्र बोळा कोरा राहिला म्हणजे रंग नैसर्गिक ठरला, असे होत नाही. आत गोल बुडबुडे दिसणे ही काचेची खूण. ‘चेरी क्वार्ट्झ’ या नावाने मिळणारे गुलाबी-लाल मणी बहुधा काचेचेच असतात. सगळ्या मण्यांचा रंग तंतोतंत एकसारखा असणे हेही संशयास्पद मानावे, कारण खऱ्या दगडात एकाच सरातले दोन मणीसुद्धा किंचित वेगळे असतात. रंगवलेला अकीक वापरणे हा काही गुन्हा नाही. तो नैसर्गिक रंगाचा म्हणून घेतला जाऊ नये, एवढेच.

मणी किती लागतील याचा हिशेब आधी मांडावा. 18 इंचांची माळ म्हणजे सुमारे 457 मिलिमीटर. त्यातून हुकासाठी 25 मिलिमीटर वजा केले, तर 432 उरतात. त्यात 6 मिलिमीटरचे 72 किंवा 8 मिलिमीटरचे 54 मणी बसतात. प्रत्येक मण्यानंतर गाठ द्यायची असेल आणि गाठ साधारण एक मिलिमीटरची धरली, तर 6 मिलिमीटरचे सुमारे 61 मणी पुरतात. क्वार्ट्झचा 8 मिलिमीटरचा गोल मणी सुमारे 0.7 ग्रॅमचा असल्याने अशी माळ 38 ग्रॅमच्या आसपास भरते. हे वजन दोऱ्याला दररोज पेलायचे असते.

मांडणी ही या कामातली सर्वांत वेळखाऊ पायरी आहे आणि तिच्यात घाई करू नये. पिवळ्या दिव्याखाली निळे-जांभळे खडे मलूल दिसतात, म्हणून दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, फिकट राखाडी कापडावर मणी पसरावेत. आधी रंगानुसार ढीग करावेत आणि मग प्रत्येक ढिगात फिकटपासून गडदपर्यंत ओळ लावावी. छटांचा क्रम हवा असेल, तर पिवळ्यातून हिरव्यात, हिरव्यातून निळ्यात असे सरकावे. दोन रंगांच्या मधला दुवा ठरणारे मणी थोडे असतात, ते सुरुवातीलाच वेगळे काढून ठेवावेत. सरमिसळ हवी असेल, तर काम उलट अधिक अवघड होते, कारण मूठभर मणी डोळे मिटून ओवले की गडद मणी नेमके एका ठिकाणी गोळा होतात आणि माळेत भोक पडल्यासारखे दिसते. यावर उपाय म्हणजे सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट मणी आधी समान अंतरावर ठेवणे व उरलेले त्यांच्यामध्ये भरणे. शेवटी दोन पावले मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहावे. जो मणी तेव्हाही खटकतो, तो बदलावा. उत्तम मणी मधल्या तिसऱ्या भागात आणि डाग किंवा खोच असलेले मानेमागे जातील, असे पाहावे.

ओवण्यापूर्वी भोके तपासावीत. हाताने पाडलेल्या भोकाची कड धारदार असते आणि ती रेशीम कापते; हिऱ्याचे कण बसवलेल्या रीमरने (भोक घासण्याच्या बारीक, निमुळत्या सळईने), मणी पाण्यात धरून, ती कड हलकेच घासून घ्यावी. जड आणि कठीण मण्यांसाठी रेशमापेक्षा नायलॉनचे आवरण असलेली तार बरी. 49 पदरी तार सर्वांत लवचिक असून 0.38 मिलिमीटर जाडीची तार बहुतेक भोकांतून जाते. हूक घातल्यावर तारेचे टोक क्रिंपमधून (दाबून तार पक्की करणाऱ्या धातूच्या छोट्या नळीतून) परत घेऊन शेवटच्या दोन-तीन मण्यांमधूनही काढावे आणि मगच क्रिंप पक्कडने दाबावा. दुसरे टोक दाबण्याआधी माळ वर्तुळाकार वळवून पाहावी. ती ताठ राहिली, तर तार फार ओढली गेली आहे, म्हणून मिलिमीटर-दोन मिलिमीटर सैल सोडावी. हलके, मऊ किंवा मौल्यवान मणी मात्र दुहेरी रेशमावर, प्रत्येक मण्याला गाठ देऊन गाठवावेत. गाठ बसवताना फाशात सुई खुपसून तो मण्याला भिडेपर्यंत सरकवला, म्हणजे मध्ये दोरा दिसत नाही.

माळ वापरल्यावर मऊ, ओलसर कापडाने पुसावी. अत्तर व तेल सच्छिद्र खड्यांत, विशेषतः फिरोजामध्ये मुरते, म्हणून ती सर्वांत शेवटी घालावी. ॲमेथिस्ट आणि काही गुलाबी क्वार्ट्झ दीर्घकाळ उन्हात फिके पडतात. टूरमलीन तापली की तिच्यावर विद्युतभार येऊन धूळ चिकटते, त्यामुळे दिव्याखाली ठेवलेली तिची माळ लवकर मळकट दिसते. रेशमावरची माळ भिजली, तर टांगू नये, आडवीच वाळवावी. मणी आणि गाठ यांच्यामध्ये दोरा डोकावू लागला किंवा हुकाजवळ तो काळपट झाला, की तुटण्याची वाट न पाहता माळ पुन्हा गाठवून घ्यावी.