बिअरची किंमत, शेजारचा टॅक्स आणि आपला प्रोजेक्ट: सांगली-मिरजेच्या नव्या पोरांसाठी

एमए इकॉनॉमिक्स किंवा एमकॉमला प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली की आपल्याकडची निम्मी पोरं हळद नाहीतर बेदाणा घेतात, उरलेली साखर कारखान्याकडं जातात. विषय वाईट नाहीत, पण त्यावर आधीच एवढी थप्पी लागलीय की नवीन काय सांगणार हा प्रश्नच आहे. मी बिअर घेतली. काकांनी विचारलं, "तुला शिकायला घातलाय का प्यायला?" आईनं पाहुण्यांना "टॅक्सवर काहीतरी करतोय" असं सांगून वेळ मारून नेली, आणि खरं तर आईचंच बरोबर होतं, कारण बिअरचा अभ्यास म्हणजे नव्वद टक्के टॅक्सचाच अभ्यास. आता मी इनडायरेक्ट टॅक्समध्येच नोकरी करतो आणि गावाकडची पोरं फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

बिअरच का, तर माल एकसारखा असतो. हळदीच्या दोन पोत्यांचा भाव वेगळा निघाला तर तो ओलाव्यामुळं, जातीमुळं की वाहतुकीमुळं हे सांगताना दमछाक होते. इथं तोच ब्रँड, तीच ६५० मिलीची बाटली, वर छापील एमआरपी, आणि लेबलवर कुठल्या राज्यात विकायची तेही लिहिलेलं. म्हणजे दोन राज्यांतल्या किमतीत फरक दिसला तर त्यातला मोठा भाग सरकारनं केलेला आहे हे जवळजवळ धरूनच चालायचं. आणि आपला जिल्हा असा आहे की मिरजेतनं निघालं की कागवाड कर्नाटकात, जतच्या पलीकडं विजयपूर, आणि घाट उतरला की गोवा. पुण्यामुंबईच्या पोरांना ही सोय नाही.

आधी बाटलीची किंमत उसवायला शिका, हे जमलं की अर्धं काम झालं. कारखान्याचा भाव, त्यावर एक्साइज (म्हणजे राज्याचं उत्पादन शुल्क), मग घाऊकवाल्याचं आणि दुकानदाराचं मार्जिन, आणि या सगळ्यावर मिळून व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा टॅक्स. मी इथं मनाचे आकडे घेतो, कुठल्या राज्याचे नाहीत. समजा कारखान्याचा भाव ४० रुपये, एक्साइज ६०, झाले १००. मार्जिन सगळं मिळून २० टक्के, झाले १२०. व्हॅट ३० टक्के, झाले १५६. आता सरकारनं एक्साइज फक्त १० रुपयांनी वाढवला तर ११० वर मार्जिन लागून १३२ आणि व्हॅट लागून १७१ रुपये ६० पैसे. म्हणजे एक्साइज वाढला १० रुपये आणि गिऱ्हाइकाला बसले साडेपंधरा, शिवाय वरचा आकडा गोल करून एमआरपी १७५ छापली जाते ते वेगळंच. पेपरात बातमी येते "बिअर १० रुपयांनी महागणार" आणि दुकानात भलताच आकडा असतो, त्याचं कारण हे. व्हायवात हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलंत तर समोरचे सर अर्धे खूश.

जीएसटी कुठं गेला, हा पुढचा हमखास प्रश्न. माणसाच्या पिण्याची दारू २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीतच जीएसटीच्या व्याख्येबाहेर ठेवलीय, म्हणून १ जुलै २०१७ नंतरसुद्धा ती राज्यांच्या हातात आहे. पण बाटली, बूच, लेबल, यंत्रसामग्री या सगळ्यावर जीएसटी लागतो आणि त्याचं क्रेडिट (आधी भरलेल्या टॅक्सची वजावट) पुढं एक्साइज किंवा व्हॅटमध्ये मिळत नाही, तो खर्चातच जाऊन बसतो. त्यामुळं दारू जीएसटीत नाही म्हणजे बिअरवर जीएसटीचा परिणामच नाही असं लिहू नका, बरेच जण लिहितात.

आता माझा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय. एखाद्या राज्याचा किंवा देशाचा टॅक्स एकटा बघून काही कळत नाही, शेजाऱ्याचा बघायला लागतो. सरकार दर ठरवतं खरं, पण तो किती वर नेता येईल हे सीमेपलीकडचं दुकान किती लांब आहे त्यावर ठरतं. लहान शेजाऱ्याला टॅक्स कमी ठेवणं परवडतं, कारण त्याची स्वतःची गिऱ्हाइकं थोडी आणि बाहेरून येणारी जास्त. मोठ्याला परवडत नाही. गोव्याचं गणित साधारण हेच आहे, त्यात पर्यटन. म्हणून तिथली बाटली आपल्यापेक्षा स्वस्त आणि म्हणून आंबोली, इन्सुलीकडं राज्य उत्पादन शुल्कवाल्यांचे नाके. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय गोव्याची दारू इकडं आणणं गुन्हा आहे, त्यामुळं प्रोजेक्टसाठी "सॅम्पल" म्हणून बाटल्या घेऊन यायचं डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. लेबलचा फोटो पुरतो.

भारत एक देश असून राज्याराज्यात असं कसं, असं वाटेल. घटनेचं कलम ३०१ आणि राज्यसूचीतली ५१ वी नोंद दोन्ही शेजारी ठेवून वाचा. ३०१ म्हणतं देशात व्यापार मोकळा. ५१ वी नोंद राज्याला स्वतःच्या दारूवर एक्साइज लावू देते आणि बाहेरून आलेल्या तशाच मालावर तेवढाच किंवा त्यापेक्षा कमी काउंटरव्हेलिंग ड्यूटी (बाहेरच्या मालाला आतल्याच्या बरोबरीला आणणारा टॅक्स) लावू देते, जास्त नाही. पण त्याशिवाय इंपोर्ट पास, एक्सपोर्ट पास, लेबल रजिस्ट्रेशन अशा फिया असतातच, आणि बिअर म्हणजे बहुतेक पाणी, वजनाला जड आणि किमतीला हलकी, त्यामुळं कंपन्या शक्यतो राज्यातच कारखाना टाकतात. आपल्याकडं वाळूज आणि तळोजा ही नावं म्हणूनच सारखी येतात.

कॅनडातली एक केस मला फार आवडते, ती जरूर टाका. न्यू ब्रन्सविकमधला जेरार्ड कोमो नावाचा माणूस २०१२ मध्ये शेजारच्या क्विबेकमधनं बिअरच्या १४ पेट्या आणि दारूच्या तीन बाटल्या गाडीत घालून आणत होता, पोलिसांनी पकडलं, २९२.५० डॉलर दंड. गडी म्हणाला घटनेत लिहिलंय की प्रांताचा माल दुसऱ्या प्रांतात मोकळा आला पाहिजे. खालच्या कोर्टात २०१६ ला जिंकला, २०१८ ला सुप्रीम कोर्टात हरला, कारण कोर्टाच्या मते त्या नियमाचा मुख्य हेतू प्रांताची दारूची व्यवस्था सांभाळायचा होता, व्यापार अडवणं हा त्याचा ओघानं होणारा परिणाम. आपल्या इन्सुलीच्या नाक्यावर हीच वादावादी मराठीत आणि जरा चढ्या आवाजात होत असते.

देशांमधलं बघायचं तर युरोपाशिवाय पर्याय नाही. युरोपियन युनियनमध्ये बिअरवरचा किमान एक्साइज ठरलेला आहे, हेक्टोलिटरला (शंभर लिटरला) अल्कोहोलच्या प्रत्येक टक्क्यामागं १.८७ युरो. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरला हिशेब केला तर पाच सेंटसुद्धा होत नाहीत. जर्मनी जवळपास तिथंच आहे. फिनलंडमध्ये त्याच अर्ध्या लिटरवर ९० सेंटच्या आसपास, म्हणजे पंधरा-वीस पट. आणि या सगळ्यांच्या सीमा उघड्या! डेन्मार्कची माणसं जर्मन हद्दीतल्या बॉर्डर शॉपमधनं गाड्या भरून नेतात, आणि डेन्मार्कनं २०१३ मध्ये बिअरवरचा टॅक्स १५ टक्के कमी केला त्यामागं हे एक मोठं कारण होतं.

पण सगळ्यात भारी गोष्ट फिनलंड, एस्टोनिया आणि लाटव्हियाची. १ मे २००४ ला एस्टोनिया युनियनमध्ये येणार, हेलसिंकीहून बोटीनं दोन-अडीच तासांत टॅलिन, आणि माणसानं स्वतःसाठी किती दारू आणायची त्यावरची जुनी मर्यादा जाणार. फिनलंडनं आधीच मार्चमध्ये दारूवरचा टॅक्स सरासरी एकतृतीयांश कमी करून टाकला, नाहीतर महसूलही गेला असता आणि दुकानंही. स्वस्त झाली म्हणून लोक जास्त प्यायला लागले, आजार वाढले, मग २००८ पासून पुन्हा वाढवत नेला. इकडं एस्टोनियाला वाटलं आपल्याकडं फिनिश लोक येतातच, वाढवू की टॅक्स. जुलै २०१७ ला बिअरवरचा एक्साइज एका फटक्यात ७० टक्के वाढवला. झालं काय, एस्टोनियाची माणसं दक्षिणेला लाटव्हियाच्या सीमेवर जायला लागली आणि तिथं दारूची मोठमोठी दुकानं उभी राहिली. व्हाल्गा आणि व्हाल्का तर एकच गाव मधनं देशाची सीमा गेलेलं, आपल्याकडं अर्धी वस्ती महाराष्ट्रात आणि अर्धी कर्नाटकात असावी तसं. शेवटी जुलै २०१९ मध्ये एस्टोनियानं २५ टक्के कपात केली, तर लाटव्हियानं पुढच्याच महिन्यात स्पिरिट्सवरचा, म्हणजे व्होडका-व्हिस्कीसारख्या कडक दारूवरचा टॅक्स उतरवला, म्हणजे गिऱ्हाईक सोडायला तोही तयार नाही. ही तीन देशांची साखळी नीट मांडलीत तर वेगळी थिअरी शिकवायची गरजच पडत नाही.

याची उलटी बाजूही आहे. नॉर्वेचे लोक स्वस्तात खरेदी करायला स्वीडनला जातात, स्वीनेसुंडच्या पुलापलीकडं मॉलच उभे आहेत. मार्च २०२० मध्ये कोविडमुळं सीमा बंद झाली आणि त्या वर्षी नॉर्वेच्या सरकारी दुकानांची, म्हणजे व्हिनमोनोपोलेटची, विक्री जवळपास ४० टक्क्यांनी वाढली. बार बंद होते, लोक घरी बसून पीत होते हेही त्यात आहेच, पण सीमेचा हात केवढा हे कळतं. आपल्या देशात याचं टोकाचं रूप म्हणजे बिहार. एप्रिल २०१६ पासून दारूबंदी, आणि रक्सौल ओलांडलं की नेपाळचं वीरगंज. तिथं किमतीतला फरक काढायचा तरी कसा, एका बाजूला अधिकृत किंमतच नाही.

ट्रेड पॉलिसीकडं पोरं फक्त कस्टम ड्यूटी म्हणून बघतात. ती आहेच, भारतात बाहेरच्या बिअरवर मूळ कस्टम ड्यूटी १०० टक्के आणि त्याच्यावर परत राज्याचा एक्साइज, म्हणून परदेशी नावाची जी बिअर आपण बघतो ती बहुतेक इथंच बनलेली असते. ब्रिटननं युनियन सोडल्यावर फ्रान्समधनं आणायच्या बिअरला ४२ लिटरची मर्यादा आली, आधी ११० लिटरपर्यंत कोणी विचारायचं नाही. पण खरी मजा कच्च्या मालात आहे. अमेरिकेनं २०१८ ला अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के टॅरिफ (आयातीवरचा टॅक्स) लावलं, २०२५ ला ते २५ आणि मग ५० टक्के झालं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनमधली बिअर आणि रिकामे कॅनही त्या यादीत आले. मेक्सिकोची तीच बिअर काचेच्या बाटलीत आली तर एक हिशेब आणि कॅनमध्ये आली तर दुसरा. चीननं मे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जवावर ८०.५ टक्के ड्यूटी लावली ती ऑगस्ट २०२३ पर्यंत होती, आणि जवाला मोड आणून वाळवलं की माल्ट, माल्ट म्हणजे बिअर. आणि टॅरिफ न लावताही माल अडवता येतो: २०२५ मध्ये आपल्याकडं अ‍ॅल्युमिनियम कॅनला बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) सर्टिफिकेट सक्तीचं झालं आणि बाहेरनं येणाऱ्या कॅनवर अडचण आली, बिअर कंपन्या सूट मागत सरकारकडं गेल्या. टॅक्सचा दर एक पैसा बदललेला नसताना. या भागावर मराठीत जवळजवळ कोणीच काम करत नाही, मी पुन्हा करायला बसलो तर हाच घेईन.

डेटा कुठनं काढायचा. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधिसूचना आणि राजपत्र, कर्नाटकात सरकारी बेव्हरेजेस कॉर्पोरेशनच घाऊक विकते त्यामुळं दरपत्रक तिथनं, युरोपसाठी युरोपियन कमिशनचे एक्साइज ड्यूटी टेबल्स आणि युरोस्टॅट, म्हणजे युनियनचं आकडेवारी खातं. आयातनिर्यातीला एचएस कोड (जगभर प्रत्येक मालाला दिलेला ठरावीक नंबर) पाठ करून टाका: बिअर २२०३, जव १००३, माल्ट ११०७, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) १२१०. दुकानात जाणार असाल तर कॉलेजचं पत्र घेऊनच जा, वही काढून एमआरपी लिहायला लागलं की बिअर शॉपीवाला तुम्हाला एक्साइजचा माणूस समजतो आणि एकदम चहाच मागवतो. मुलींच्या ग्रुपला दुकानात उभं राहायचं नसेल तर काही अडत नाही, सरकारी दरपत्रकांवर अख्खा प्रोजेक्ट होतो, मी तसे चांगले झालेले बघितलेत. एफएल-टू, एफएल-थ्री, एफएल बीआर-टू ही लायसन्सं मात्र नीट वेगळी ठेवा, म्हणजे वाईन शॉप, परमिट रूम आणि बिअर शॉपी. परमिट रूममध्ये बसून प्यायल्यावर वेगळा व्हॅट लागतो, महाराष्ट्रानं तो नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरनं १० टक्के केला, तेव्हा तिथली किंमत दुकानाच्या एमआरपीत मिसळली की सगळं टेबल वाया.

नोकरीचं विचाराल तर तीन रस्ते मला माहितीयत. टॅक्स कन्सल्टन्सी, कंपन्यांची प्राइसिंग टीम, आणि सरकारी. एमपीएससीतनं राज्य उत्पादन शुल्कचा दुय्यम निरीक्षक होता येतं, स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेतनं कस्टम्समध्ये जाता येतं, आणि सांगली-साताऱ्यात अभ्यासिकांना काय तोटा नाही. प्राइसिंग टीममध्ये पगार बरा असतो, पण तिथं कळतं की काही राज्यांत किंमत कंपनी ठरवतच नाही, सरकारी महामंडळ ठरवतं. जानेवारी २०२५ मध्ये युनायटेड ब्रुअरीजनं तेलंगणात किंगफिशरचा पुरवठा थांबवला होता, कारण २०१९ पासून दर वाढवून मिळाला नव्हता आणि थकबाकीही साठली होती. काही दिवसांत पुरवठा सुरू झाला आणि फेब्रुवारीत दर १५ टक्के वाढवून मिळाले. इंटरव्ह्यूमध्ये मला यावरच बोलायला लावलं होतं.

एक काम पहिल्या दिवसापासून करा, प्रत्येक किमतीपुढं तारीख लिहा. महाराष्ट्रानं जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा (इथंच बनलेली व्हिस्की, रम वगैरे) एक्साइज उत्पादन खर्चाच्या तिप्पटवरनं साडेचारपट नेला पण बिअर आणि वाईन त्यातनं वगळली, कर्नाटकानं २०२३ पासून बिअरवरचा वाढवत नेला. दर बदलल्यावरही जुन्या एमआरपीचा स्टॉक काही दिवस दुकानात असतोच, तेव्हा एकाच आठवड्यात एकाच बाटलीच्या दोन किमती मिळाल्या तर घाबरू नका, दोन्ही लिहा आणि लेबलवरचा बॅच नंबर आणि पॅकिंगचा महिनाही उतरवून घ्या.