समेआधी पाय: घानातला एक ठेका कसा ऐकावा आणि त्याबद्दल कसं वाचावं

तबला शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. काहीही वाजताना ऐकलं की पहिला प्रश्न, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे? घानातल्या एवे लोकांचा अगबाजा, म्हणजे ढोल-घंटेवरचा त्यांचा एक नाच, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही तेच केलं आणि तीन आठवडे फुकट घालवले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. आफ्रिकी संगीतावर अभ्यासकांनी काय लिहिलंय ते वाचायचं असेल, तर आधी एक ठेका अंगात मुरवा, पुस्तक नंतर उघडा. आधी पुस्तक उघडलंत तर पहिल्या दहा पानांत ‘गुंतागुंत’ हा शब्द इतक्यांदा भेटेल की ते मिटून ठेवाल. मी ठेवलं होतं.

सामान घरातच आहे. एवे वादक लोखंडाची जोडघंटा वापरतात, गांकोगुई. एक घंटा मोठी, खालच्या आवाजाची. दुसरी लहान, चढ्या आवाजाची. आपल्याला स्टीलचे दोन पेले पुरतात, एक मोठा आणि एक छोटा. ठोकायला लाकडी चमचा घ्या. गांकोगुईलाही लाकडी काडीच असते. शिवाय स्टीलच्या चमच्याने वाजवलं की दहाव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर येतं.

आता आवर्तन. सारख्या अंतराच्या बारा मात्रा आणि त्यात सात ठोके: पहिली, तिसरी, पाचवी, सहावी, आठवी, दहावी, बारावी. पहिला ठोका मोठ्या पेल्यावर, बाकीचे छोट्यावर. पाठ होत नसेल तर पेटी उघडा. पांढरी एकपासून वर, काळ्या धरून, एकेक पट्टी मोजत जा. पांढरी आली की ठोका, काळी आली की गप्प. बाराव्या पट्टीवर निषाद येतो, पुढच्या षड्जावर नवं आवर्तन. म्हणजे बिलावल थाट जसा बसलाय तशीच ही घंटा बसली आहे. हे साम्य माझ्या आधी अभ्यासकांनी टिपलेलं आहे. त्यात गूढ वगैरे शोधू नका, पाठांतरापुरतं वापरा.

माझं चुकलं ते इथेच. बारा मात्रा दिसल्या आणि हात आपोआप एकताल धरायला लागला. पहिलीवर टाळी, तिसरीवर खाली (म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात), पाचवीवर टाळी. घंटेचे पहिले तीन ठोके अगदी चपखल बसले, मी खूश. सहावीपासून सगळं घसरलं. सातवीच्या खालीवर घंटा नाही, नववीच्या टाळीवर नाही, अकरावीवरही नाही. मला वाटलं, ही एकतालातली आडी, म्हणजे दीडपटीची, लय असणार, म्हणून वहीत गणितं मांडत बसले. एका संध्याकाळी माझ्याकडे तबला शिकणारी एक मुलगी, जी कथकही शिकते, ते रेकॉर्डिंग ऐकत खोलीत नुसती चालायला लागली. डावा, उजवा, डावा, उजवा. घंटेच्या एका आवर्तनात चार पावलं. मला म्हणाली, “मॅडम, हे तर चारचं आहे.”

चारचंच आहे. पावलं पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मात्रेवर पडतात. आपल्या भाषेत चार मात्रा, तिस्र जाती, म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन भाग. आता गंमत बघा. पहिलं आणि शेवटचं पाऊल घंटेबरोबर पडतं. मधली दोन घंटेच्या मोकळ्या जागेत पडतात. घंटेत लय शोधणाऱ्याला ती सापडत नाही, कारण अर्धी लय घंटेने नाचणाऱ्यावर सोपवलेली आहे.

म्हणून सरावाचा क्रम असा ठेवा. आधी पाच मिनिटं नुसतं चाला, तोंडाने काही म्हणू नका. मग चालता चालता प्रत्येक पावलामागे ‘एक-दोन-तीन’ म्हणा. ते सवयीचं झालं की घंटा सुरू करा, पण पाय थांबवायचे नाहीत. अडलात तर घंटा सोडा, पाऊल सोडू नका. चार-पाच दिवसांत जमतं. तबलजींना थोडा जास्त वेळ लागतो, कारण आपल्याला मोजायची सवय असते.

हे जमल्यावर बाकीची वाद्यं आपोआप ऐकू येतात. भोपळ्याला मण्यांची जाळी बांधलेलं आखात्से खुळखुळतं. कागान हा सगळ्यांत लहान ढोल. पावलाची मात्रा तो सोडतो आणि उरलेल्या दोन वाजवतो. किदी आणि सोगो यांचं संभाषण चालतं: सोगो विचारतो, किदी उत्तर देतो. घानाच्या किनाऱ्यावरच्या आन्लो एवे लोकांत अगबाजा लग्नात वाजतो आणि मयतालाही. मुळात तो लढाईच्या नाचातून आलेला. ‘हे आनंदाचं संगीत की दुःखाचं’ असं मला पालक विचारतात. प्रसंग कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आता पुस्तकं. वाचताना एकच प्रश्न जवळ ठेवा: लिहिणाऱ्याने कोणाचे पाय पाहिले होते? ऑस्ट्रियन अभ्यासक होर्नबोस्टल यांनी १९२८ मध्ये आफ्रिकी संगीतावर मोठा लेख लिहिला, तो मुख्यतः बर्लिनच्या संग्रहातल्या मेणाच्या ध्वनिनळ्यांवरून. नळीत पाय उमटत नाहीत. ए. एम. जोन्स हे उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, राहिलेले मिशनरी. त्यांनी लंडनमध्ये डेझमंड ताय या एवे उस्तादाला समोर बसवलं, ठोके कागदाच्या सरकत्या पट्टीवर उमटवणारं यंत्र वापरलं आणि १९५९ मध्ये दोन खंड काढले. मेहनत अफाट. पण स्वरलिपीत मात्रांचे गट पाडणारी उभी रेघ त्यांनी प्रत्येक वाद्यासाठी वेगळ्या ठिकाणी मारली, त्यामुळे पान बघून वाटतं की पाच माणसं पाच वेगळे ताल वाजवताहेत. माझी एकतालाची गणितं मला ते बघून आठवली.

यावर नेमकं बोट ठेवलं कोफी आगावू यांनी. (नाव वाचून हसलात ना? मीही हसले होते. थोडा आगाऊपणा केलाय त्यांनी, पण फार मुद्द्याचा.) आगावू घानाचे, स्वतः एवे. १९९५ मध्ये त्यांनी मांडलं की ‘आफ्रिकी ताल’ नावाची वेगळी, अगम्य चीज हे बऱ्याच अंशी बाहेरच्या लेखकांनी रचलेलं चित्र आहे. नाच आणि भाषा बाजूला काढून नुसते ठोके मोजले की साधी गोष्ट विचित्र दिसू लागते. मला विचाराल तर सुरुवात त्यांच्यापासून करा आणि मग मागे जोन्सकडे जा. जोन्स टाळू नका. त्यांचं लेखन इतकं काटेकोर आहे की त्यातली चूकही शिकवते.

भाषेसाठी क्वाबेना न्केतिया वाचा. १९२१ मध्ये जन्मलेले, २०१९ मध्ये गेले. या विषयातले आजोबाच म्हणा. घंटेच्या अशा ठेक्याला ‘टाइमलाइन’ हा शब्द त्यांनी रुळवला. घानातल्याच अकान लोकांच्या ढोलवादनावर त्यांचं १९६३ चं पुस्तक आहे. अकान भाषेत स्वर चढा की खालचा यावर शब्दाचा अर्थ बदलतो. अतुंपान या ढोलांच्या जोडीत एक चढा, एक खालचा. त्यावर म्हणी, स्तुती, मुखियाची बिरुदं वाजतात आणि जाणकाराला ती शब्दशः कळतात. आपला ‘धा’ हा बोल आहे, त्याला अर्थ नाही. अतुंपानवर वाजतं ते वाक्य असतं.

वाचताना वहीत चार रकाने आखा: घंटा, पाय, शब्द, प्रसंग. प्रत्येक लेखातून ज्या रकान्यात काही मिळेल ते भरा. माझ्या वहीत पहिला रकाना तुडुंब आहे आणि चौथा जवळपास कोरा. लिखाणाचा कल कुठे आहे ते त्यावरून दिसतं.

हीच वही अटलांटिकपलीकडे न्या. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला तेव्हा ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्या वर्षीच्या कायद्याने त्यांना ढोल आणि शिंगं बंद झाली. तिथे वहीचा पहिला रकाना रिकामा ठेवावा लागतो, पण दुसरा भरत जातो. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर ‘रिंग शाउट’ टिकून राहिला: एक जण गाणं उचलतो, बाकीचे जबाब देतात, टाळ्या पडतात, एक जण लांब झाडूचा दांडा जमिनीवर आपटतो आणि रिंगण घड्याळाच्या उलट दिशेने सरकतं. सॅम्युएल फ्लॉइड यांनी १९८३ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय संगीताचं संशोधन केंद्र काढलं. १९९५ च्या पुस्तकात त्यांनी इतिहासकार स्टर्लिंग स्टकी यांचा धागा पकडून अमेरिकी कृष्णवर्णीय संगीताचं मूळ या रिंगणात दाखवलं. त्याआधी, १९०३ मध्ये, अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांनी आपल्या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या शोकगीतांच्या ओळी नुसत्या स्वरलिपीत छापल्या, शब्दांशिवाय. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं ते याच ड्यू बॉइसना.

जॉर्जियातल्याच मॅकिंटॉश काउंटीच्या मंडळींचं शाउटचं रेकॉर्डिंग फोकवेज या रेकॉर्ड कंपनीने १९८४ मध्ये काढलंय, ते मिळवा. पहिल्यांदा फक्त झाडूचा दांडा ऐका. दुसऱ्यांदा टाळ्या. तिसऱ्यांदा उभे राहा आणि पाय सरकवा, उचलू नका. पायावर पाय ओलांडायचा नाही. ओलांडला की तो नाच ठरायचा, आणि चर्चमध्ये नाचाला बंदी होती.